दार लोटून घे

मित्रांनो, आपल्याला चौकात लढता येतं. पुतळ्याला कुणी हात लावला की आपण रस्त्यावर. गावात कुणी पाणी तोडलं की आपण तहसीलवर. नामांतरासाठी आपण लाठ्या खाल्ल्या, घरं जळताना बघितली, पण १४ जानेवारी १९९४ला नामांतर घेतलंच. हे सगळं खरं. पण एक जागा अशी आहे की तिथं आपण अजून हरतोच. ती जागा म्हणजे साहेबाची केबिन. तिथं मोर्चा जात नाही. तिथं आपला माणूस एकटा जातो. आणि आत गेल्यावर पहिला हुकूम होतो : दार लोटून घे.

आज मला त्या लोटलेल्या दाराबद्दल बोलायचंय.

माझी भाची. नाव छापत नाही, कारण तिचं पोट त्या नोकरीवर आहे. बी.कॉम. झाली, टायपिंग शिकली, संगणक शिकली, आणि जिल्ह्यातल्या एका कचेरीत कंत्राटी डाटा एंट्रीला लागली. अकरा महिन्यांची ऑर्डर. अकरा महिने भरले की मध्ये खाडा दाखवायचा, मग परत अकरा महिने. परत घ्यायचं की नाही ते साहेबाच्या मर्जीवर. रोज सकाळी पिंगुळीतनं एसटी धरायची, रात्री परतायची. मागच्या पावसात एका रविवारी माझ्याकडे आली, पडवीत बसली, आणि म्हणाली, "मामा, माका आता हापिसात जावचा नाय."

"काय झाला ता सांग. कोणी मारल्यान काय?"

"मारल्यान नाय. हात पण लावल्यान नाय. म्हणान तर काय सांगू?"

"तरी?"

"सायब आत बोलावता. म्हणता, दार लोटून घे. मगे बोलता."

काय बोलतो? ऐका. "कोट्यातनं आलीस ना, मग डोकं कुठून येणार?" "तुमच्या लोकांचं बरं आहे बुवा, सगळं फुकट." "ही चूक तुमच्यातच होते." जातीचं नाव एकदाही नाही. साहेब शिकलेला आहे, कायदा जाणतो. 'तुमच्यात', 'तुमचे लोक', 'तुमचं कसं असतं' एवढ्यावर तो भागवतो. बाहेर आली की दुसरा फेरा. चहाची किटली टेबलाटेबलावर फिरते, हिच्या टेबलाशी आली की संपते. दुसऱ्याची चूक हिच्या नावावर. कचेरीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात हिला घेतलेलं नाही. सगळे हुकूम त्या ग्रुपवर. हुकूम कळत नाही, काम राहतं, मेमो मिळतो. पावणेसहाला गठ्ठा समोर येतो, 'हा पुरा करून जा'. तोपर्यंत एसटी गेलेली.

साध्या मराठीत याला छळ म्हणतात. आमच्या बायकांचा शब्द आणखी नेमका आहे : सासुरवास. हापिसातला सासुरवास. कचेरीत मात्र याला दुसरी नावं आहेत. शिस्त. गंमत. साहेबाचा स्वभाव. 'ते सगळ्यांनाच बोलतात हो.' सगळ्यांना बोलतात, कबूल. पण सगळ्यांना 'तुमच्यात' म्हणत नाहीत.

मी तिला लगेच शहाणपण शिकवणार होतो. लढ पोरी, बाबासाहेबांची लेक तू, वगैरे वगैरे. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण बत्तीस वर्षं मी स्वतः काय केलं, ते मला आठवलं.

१९८४ साली मी एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. आई म्हणाली, "झिला, सरकारी नोकरी हा. गप रव." मी गप राहिलो. कचेरीत एक माठ होता, त्याच्यावर एक ग्लास. माझा ग्लास खिडकीत वेगळा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी शिपायानं तो खिडकीत ठेवला, आणि मी उचलला. एवढंच. माझ्या हातचं पाणी साहेबाला चालत नव्हतं. पण त्याच्या घरचा गॅस सिलिंडर मी खांद्यावरून चढवलेला चालायचा. लाईटबिल मी भरलेलं चालायचं. त्याच्या पोराची दप्तरं मी वाहिलेली चालायची. मला वाटायचं, एवढं केलं की सी.आर. बरा लिहील.

सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल. नव्या पोरांना हे माहीत हवं म्हणून सांगतो. वर्षातनं एकदा साहेब तुमच्याबद्दल कागदावर लिहितो : कामाची गती, हुशारी, सचोटी, चारित्र्य. त्या कागदावर तुमची बढती. वाईट शेरा असेल तर तो कळवायची पद्धत होती. म्हणून हुशार साहेब वाईट लिहीतच नसत. नुसतं 'बरा' लिहीत. 'बरा' काही वाईट शेरा नव्हे, मग कळवायला नको. आणि बढतीला लागतं 'उत्तम'. झालं काम. शिवी नाही, मार नाही, एक 'बरा' आणि माणूस आयुष्यभर तिथल्या तिथं. माझ्या मागून आलेले दोघे माझ्या पुढे गेले. हेडक्लार्कला विचारलं तर म्हणाला, "तुझो सी.आर. मध्यम हा रे." सुप्रीम कोर्टानं १२ मे २००८ला देव दत्त खटल्यात सांगितलं, की अहवालातली प्रत्येक नोंद, बरी असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. तोवर माझी चोवीस वर्षं संपली होती.

आमच्या पिंगुळीचं नाव तुम्ही ऐकलंय ते कळसूत्री बाहुल्यांसाठी. इथला ठाकर आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या बाहुल्या नाचवतो, चित्रकथी सांगतो. त्यातल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. लहानपणी खेळ बघताना आम्ही पोरं मान वाकडी करून दोऱ्या शोधायचो, आणि त्या दिसायच्या. ठाकरांनी दोऱ्या कधी लपवल्या नाहीत. ती कला आहे. माझ्या मानेला बांधलेली दोरी मला बत्तीस वर्षं दिसली नाही. तिचं नाव सी.आर. भाचीच्या मानेला बांधलेल्या दोरीचं नाव अकरा महिन्यांची ऑर्डर.

कुणी म्हणेल, काका, हा तुमचा रडगाण्याचा अंक झाला. नाही. ही गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. मागे जाऊ.

माझा आजा मुंबईत गिरणीत होता. आमच्या कोकणातला अर्धा पुरुष तेव्हा चाकरमानी. आजा थ्रासलखात्यात, म्हणजे सूतकताईच्या बाजूला. साचाखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथं पगार जास्त. पण साचाखात्यात महाराला घेत नसत. का? तर धोट्यातलं सूत संपलं की नवी बाबीन घालताना धागा तोंडानं ओढावा लागायचा. महाराच्या थुंकीचा धागा दुसऱ्याला कसा चालणार! म्हणजे मालकाची तिजोरी नव्हे, शेजारच्या साच्यावरच्या कामगाराची जीभ आमच्या आड आली. लाल बावट्याखालच्या कामगाराची! १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या समोर आदळला, की साचाखातं अस्पृश्यांना उघडं करा, ही मागणी यादीत घाला. घातली, पण नाखुशीनं.

आणखी मागे. सप्टेंबर १९१७. बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर हजर झाले. संस्थानात अधिकारी. आणि कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं. तिथंही काठ्या घेऊन पारशी आले. अकराव्या दिवशी बाहेर. पुढे मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तर तिथल्या काही प्रोफेसरांची हरकत, की याने आमच्या माठातलं पाणी पिऊ नये.

हे आपण दर जयंतीला ऐकतो आणि डोळे पुसतो. पण त्यातला धडा घेत नाही. धडा असा : बडोद्यात साहेब शिपायाला छळत नव्हता, शिपाई साहेबाला छळत होता. वरची खुर्ची, परदेशी डिग्री, महाराजांचा शब्द, काही उपयोगी पडलं नाही. बाहेरचे पंडित सांगतात, कामाच्या ठिकाणी दमदाटी म्हणजे वरिष्ठानं कनिष्ठावर केलेली सत्तेची अरेरावी. त्यांच्या देशात तसं असेल. आपल्याकडे सत्ता खुर्चीत नसते, जातीत असते. म्हणून 'चांगलं शिक, मोठा साहेब हो, मग कुणी बोलणार नाही' हा जो उपदेश आपण पोरांना करतो तो खोटा आहे. मोठा साहेब झाल्यावरही फाईल लांबूनच येते.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथंच सांगितलं. ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली, ती आपण विसरलो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, आणि घरात अस्पृश्य चालत नाही. बघा, बढती अडली कुठं? नियमात नाही. साहेबाच्या स्वयंपाकघरात. बाबासाहेबांनी परिषदेत उभं राहून साहेबाच्या स्वयंपाकघराचं दार उघडून दाखवलं. आपल्याला तेच करायचंय.

आता कालपरवाचं. डॉ. पायल तडवी. तडवी भिल्ल समाजातली, जळगावकडची मुलगी. मुंबईत नायर हॉस्पिटलात स्त्रीरोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ला तिनं जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, खटला उभा राहिला. आम्ही आधी तक्रार केली होती, असं घरचे सांगत होते. पेपरांनी याला काय म्हटलं? रॅगिंग. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ सालचा आहे, म्हणजे वीस वर्षं जुना कायदा जागेवर होता. पण मला त्या शब्दाचाच राग आहे. रॅगिंग म्हटलं की कॉलेजातली पोरं, होस्टेल, मस्करी. पायल वॉर्डात काम करत होती. बाळंतपणं करत होती, रात्रपाळ्या करत होती. ती कामगार होती, आणि हॉस्पिटल हे तिचं कामाचं ठिकाण. छळाला खेळाचं नाव दिलं की छळणारा खेळाडू होतो. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, दोघी त्याच वर्षी एकत्र सुप्रीम कोर्टात गेल्या. आमच्या पोरांना कचेऱ्या-कॉलेजं मारतात आणि त्यांच्या आया कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आपण काय करतो? मेणबत्ती लावतो.

कायदा आहे की, असं तुम्ही म्हणाल. ॲट्रॉसिटी आहे. बरोबर. तर ॲट्रॉसिटीची आणि या लोटलेल्या दाराची गोष्ट ऐका.

कऱ्हाडच्या सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयात एक दलित स्टोअरकीपर. त्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी सचोटी आणि चारित्र्याबद्दल वाईट शेरा मारला. त्यानं २००६ साली पोलिसांत तक्रार केली. पोलिसांनी खटल्याची परवानगी मागितली. २०११ साली वरच्या अधिकाऱ्यानं ती नाकारली. पुढे त्या वरच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदला, तो हायकोर्टात गेला, मग सुप्रीम कोर्टात. आणि २० मार्च २०१८ला सुभाष महाजन खटल्याचा निकाल आला : अटकेआधी परवानगी घ्या, गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी करा, अटकपूर्व जामीन द्या. सबंध देशातला ॲट्रॉसिटी कायदा पातळ झाला. २ एप्रिलला भारत बंद झाला, उत्तरेत आपली माणसं मेली. मग ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-अ घातलं, १ ऑक्टोबर २०१९ला कोर्टानं आपल्या त्या सूचना मागे घेतल्या, आणि १० फेब्रुवारी २०२०ला कलम १८-अ कायम केलं.

हा लढा आपण जिंकला. पण तो सुरू कशावरून झाला होता, ते किती जणांना ठाऊक आहे? एका कचेरीतल्या सी.आर.वरून! रस्त्यावर आलेल्या लाखो लोकांना कुणी सांगितलंच नाही, की याचं मूळ एका स्टोअरकीपरच्या गोपनीय अहवालात आहे. कायदा वाचला. सी.आर. लिहिणाऱ्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न होता तिथंच राहिला.

आता दुसरी गाठ. जातीवरून अपमान केला, जातिवाचक शिवी दिली, तर कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि (एस). पण त्यात एक अट आहे : तो अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झाला, तर हे कलम लागत नाही, असं सुप्रीम कोर्टानं ५ नोव्हेंबर २०२०ला हितेश वर्मा खटल्यात म्हटलं. आणि ३१ जानेवारी २०२५ला तामिळनाडूचा खटला. एका महसूल अधिकाऱ्याला त्याच्याच कचेरीत येऊन जातीवरून शिवीगाळ केल्याची तक्रार. त्याचे सहकारी तिथं आले, पण नंतर. कोर्ट म्हणालं, ही लोकांच्या नजरेसमोरची जागा नव्हे. खटला रद्द.

आता कळलं, साहेब दार लोटून घ्यायला का सांगतो? त्यानं कायदा आपल्यापेक्षा नीट वाचलाय. आपण कायद्याचं नाव वाचलं, त्यानं अट वाचली.

मग या देशात कामाच्या ठिकाणच्या छळाला म्हणून वेगळा कायदा आहे का? नाही. स्वीडननं १९९३ साली नियम केला, फ्रान्सनं २००२ साली कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २१ जून २०१९ला, म्हणजे पायल गेल्यावर बरोबर महिन्यानं, कामाच्या जागेवरच्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार मंजूर केला. आपल्याकडे बाईच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे, चांगला आहे. पण साहेबानं बाईला बाई म्हणून नाही, जात म्हणून छळलं, तर ती समिती म्हणते हे आमच्या कक्षेत नाही. आणि ॲट्रॉसिटी म्हणते, साक्षीदार आणा. आमची पोरगी या दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात उभी आहे.

सरकारला शिव्या घालून झाल्या. आता स्वतःला.

आमच्या कचेरीत एक सफाई कामगार होता. जातीच्या उतरंडीत माझ्याहीपेक्षा खाली ढकललेला. साहेब त्याला व्हरांड्यात उभा करायचा आणि त्याच्या बोलण्याची नक्कल करायला लावायचा. त्याची त्यालाच. सगळी कचेरी हसायची. एकदा साहेबानं माझ्याकडे बघितलं, की हा हसतो का नाही. मी हसलो. मित्रांनो, मी हसलो. माझ्या सी.आर.साठी हसलो. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. तिथं दारबीर काही लोटलेलं नव्हतं. भर व्हरांड्यात, पंधरा माणसांच्या नजरेसमोर. पंधरा साक्षीदार होते. त्यातला एक मी. मी बोललो असतो तर ते कलम उभं राहिलं असतं.

आणि आज आपल्यातले जे साहेब झालेत? गाडीवर निळा झेंडा, केबिनमध्ये बुद्धाची मूर्ती, आणि कंत्राटी पोराला 'ए' म्हणून हाक. मातंग, वाल्मीकी शिपायाला घरची भांडी. विचारलं तर म्हणतात, 'आम्ही पण सोसलंय.' वा रे वा! सासूनं सोसलं म्हणून सुनेला चटके. ही ब्राह्मणशाहीच आहे, फक्त खुर्चीवरचा माणूस बदललाय. अशा साहेबाला जयंतीच्या स्टेजवर शाल घालणारी समितीही त्या छळात सामील आहे, हे मी छापून सांगतो. कुणाला राग येईल तर येवो.

आपली चळवळ मेलेल्या माणसाच्या मागे उभी राहते. जिवंत माणूस म्हणतो, मला साहेब छळतो, तर आपण म्हणतो, 'जमवून घे'. 'नोकरी टिकव'. 'पुरावा काय?' मेल्यावर मात्र कुणी पुरावा मागत नाही, सगळे बॅनर छापतात. हे थांबलं पाहिजे.

तर करायचं काय? मी वकील नव्हे. बत्तीस वर्षं हरलेला कारकून आहे, आणि कारकुनाला एक गोष्ट कळते : कागद.

एक वही घ्या. दोनशे पानी, साधी. रोज रात्री लिहा : तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, काय शब्द, कोण हजर होतं. 'साहेबानं अपमान केला' असं लिहू नका. शब्द लिहा, जसेच्या तसे. महिन्यानं आठवून लिहिलेल्याला किंमत कमी, त्याच रात्री लिहिलेल्याला जास्त.

तोंडी हुकूम तोंडी ठेवू नका. पावणेसहाला गठ्ठा आला, तर तिथल्या तिथं दोन ओळी लिहा : 'आपल्या तोंडी आदेशानुसार पावणेसहा वाजता हे काम मिळाले.' आवक नोंदवहीत टाका, पोच घ्या. छळणाऱ्याला कागदाची भीती वाटते. शिवी हवेत जाते, पोच राहते.

केबिनमध्ये एकटं जाऊ नका. जावंच लागलं, तर दार उघडं ठेवा. 'लोटून घे' म्हटलं तर म्हणा, उघडंच राहू दे साहेब. एवढं वाक्य म्हणायला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिका, छळ सुरू व्हायच्या आधी. पहिल्या दिवशी खिडकीतला ग्लास मी उचलला नसता, तर पुढची पुष्कळशी गोष्ट घडली नसती.

सरकारी नोकरीत असाल, तर दरवर्षी आपला अहवाल मागा. न मिळाला तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५पासून आहे, अर्ज टाका. बाईचा लैंगिक छळ असेल, तर दहा किंवा जास्त माणसांच्या कचेरीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते, ती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे. सिंधुदुर्गनगरीला जाऊन विचारा, शेवटची कधी बसली. फक्त विचारलं तरी खुर्च्या हलतात. २०१५च्या दुरुस्तीनं सामाजिक बहिष्कार हा वेगळा गुन्हा केला, त्याला लोकांच्या नजरेची अट नाही. चहाची किटली मुद्दाम रोज एकाच टेबलाशी संपते, तर वकिलाला विचारा, हा कुठल्या कलमात बसतो. वकील फुकट मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून. हा हक्क आहे, भीक नव्हे.

पण कागद एकट्यानं लिहून भागत नाही. कागद धरायला दुसरा हात लागतो. म्हणून माझं मागणं संघटनांना आहे, तुम्हा पोरांना आहे. प्रत्येक वाडीतल्या विहारात, रविवारच्या वंदनेनंतर, एक तास फक्त नोकरीवाल्यांसाठी ठेवा. कचेरी, बँक, शाळा, दवाखाना, कुडाळच्या एमआयडीसीतला कारखाना, हॉटेल, जिथं जिथं आपला माणूस आहे, त्यानं यावं, वही आणावी, वाचावी. बाकीच्यांनी ऐकावं. 'जमवून घे' म्हणायला बंदी. पुरावा मागायलाही बंदी, पुरावा सगळ्यांनी मिळून जमवायचा. तक्रारीचा अर्ज द्यायला तो एकटा जाणार नाही, दोघं बरोबर जातील. घोषणा नको, झेंडा नको. फक्त दोघं, साहेबाच्या दारात उभे. आणि कुणी पोर गप झालं, जेवेना, झोपेना, 'आता पुरे' म्हणायला लागलं, तर त्याला एक रात्रही एकटं ठेवू नका. १४४१६ हा सरकारचा फुकट फोन आहे, तोही लावा. मेणबत्तीपेक्षा हे स्वस्त पडतं.

आणि आपल्यातल्या साहेबांसाठी त्याच विहारात एक शपथ ठेवा : माझ्या हाताखालच्या माणसाशी मी दार लोटून बोलणार नाही. ज्याला ही शपथ घ्यायला लाज वाटते, त्याला शाल नको.

भाचीचं काय झालं, विचाराल. त्या रविवारी मी तिला एक वही दिली. आणि व्हरांड्यातली ती गोष्ट सांगितली, आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती ती. ती काही बोलली नाही. वही पिशवीत टाकली. सोमवारी गेली. सायंकाळी आली आणि म्हणाली, "मामा, आज म्हटलंय. दार उघडाच रवांदे सायब."

"मगे?"

"मगे सायब काय बोलूकच नाय. बराच येळ बघीत ऱ्हवलो."

विजय झाला असं मी म्हणत नाही. तिची ऑर्डर संपायला आता दोन महिने आहेत. परत मिळेल की नाही, सांगता येत नाही. न मिळाली तर तिच्या घरचा गॅस कोण भरणार, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, वाडीचा आहे, चळवळीचा आहे. ते उत्तर आपल्याकडे तयार नसेल, तर पोरांना 'लढ' म्हणायचा हक्क आपल्याला नाही. वाडीनं वर्गणी काढायचं ठरवलंय. पहिली पावती मी फाडलीय.

वहीची चाळीस पानं भरली आहेत. पुढच्या रविवारी ती विहारात वाचणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी पिंगुळीला या. दार उघडं असेल.

जयभीम.